फेरी दारापर्यंत, पुढे तुमचे तुम्ही: वारसाफेऱ्यांचे संयोजक आणि कलासंग्रहालयांचे व्यवस्थापक यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईत वारसाफेऱ्या भरवणाऱ्या संस्थांचे संयोजक
आणि
शहरातील कलासंग्रहालयांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना दरवर्षी एकदा तरी दक्षिण मुंबईत न्यायचे आणि मोठ्या चित्रकारांची मूळ चित्रे त्यांच्या डोळ्यांना दाखवायची, हा नेम मी शेवटच्या वर्षापर्यंत पाळला. निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक विचारतात, म्हणून वर्षातून एकदोनदा मी लहानसा गट घेऊन निघते. गेल्या जानेवारीत अशाच चौदा जणांच्या गटाने आपल्यापैकी एका संस्थेच्या जोड कार्यक्रमात भाग घेतला. आधी मार्गदर्शकासोबत शहराची पायी फेरी आणि नंतर कलासंग्रहालयात स्वतःच्या स्वतः चित्रे पाहणे, असा तो कार्यक्रम होता. त्या दिवशी जे झाले त्याविषयी मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. आतला भाग स्वयंदर्शनाचा असल्यामुळे आमची जबाबदारी दाराशी संपते आणि येत्या हंगामापासून सगळे जोड कार्यक्रम याच पद्धतीने होतील, असे दोन ओळींचे उत्तर मला आले. हा निर्णय मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

संस्थेचे आणि संग्रहालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. कोणा एकाला दोष देऊन प्रश्न सुटणारा नाही, आणि ज्या अडचणी मी मांडणार आहे त्यांतल्या बऱ्याचशा मुलांना घेऊन फिरताना मला इतर ठिकाणीही आल्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माझ्या पत्राचा अर्थ नेमका उलटा लावला गेला. संग्रहालयाच्या आतही मार्गदर्शक द्या, अशी माझी मागणी नाही. चित्र ज्याचे त्याने, आपल्या गतीने आणि शक्यतो शांतपणे पाहावे, असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आले आहे. रस्त्यावरच्या इमारतीविषयी कोणी सांगितले नाही तर ती आपल्याला दिसतच नाही, इतकी ती गर्दीत आणि सवयीत बुडालेली असते. तिथे सांगणारा माणूस हवाच. चित्रासमोर मात्र कोणी सतत बोलत राहिले, तर आपण चित्र सोडून त्याचे बोलणेच ऐकत बसतो. म्हणून बाहेर सोबत आणि आत एकांत ही जोडी मला मनापासून पटते. माझे म्हणणे एवढेच आहे की या दोन भागांना जोडणारे काहीतरी कोणीतरी करायला हवे, आणि आज ते कोणीच करत नाही.

त्या रविवारी काय झाले ते सांगते. फेरी दुपारी अडीचला होती. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता म्हणून आम्ही साडेअकरालाच डोंबिवलीहून निघालो. गटात आठ मुले, चार पालक, मी आणि माझी सत्तरीची थोरली बहीण होती. फेरी घेणारा तरुण अतिशय तयारीचा होता, हे मला आवर्जून लिहायचे आहे. त्याने सुरुवात केली ती महात्मा फुले मंडईपासून, म्हणजे आपण सगळे अजूनही जिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतो त्या १८६९ च्या इमारतीपासून. त्याने मुलांना रस्त्यापलीकडे उभे केले, मिनिटभर कोणी बोलायचे नाही असे सांगितले, आणि मग प्रवेशाच्या कमानींवरच्या उठावशिल्पांतल्या माणसांच्या हातांत काय आहे ते विचारले. जिथून आपण हजारदा भाजी आणि फटाके घेऊन गेलो, तिथे डोक्यावर शेतकरी कोरलेले आहेत हे पालकांपैकी एकालाही माहीत नव्हते. ते काम लॉकवुड किपलिंग यांचे. १८६५ ते १८७५ अशी दहा वर्षे ते जवळच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवत होते.

तिथून आम्ही जे. जे.च्या फाटकापाशी गेलो. रविवार असल्यामुळे आत जाता आले नाही, पण सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली ही शाळा आणि आजूबाजूचे शहर यांचे नाते त्याने तिथे उभ्याउभ्या फार चांगले समजावले. पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर त्याने ते प्रत्यक्ष दाखवले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या स्थानकाचे बांधकाम १८७८ साली सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. त्यावरची दगडातली पाने, फुले, पक्षी आणि प्राणी घडवण्यात याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आमची मुले रोज त्याच स्थानकाचे नाव लोकलच्या फलकावर वाचतात. आपल्यासारख्याच चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी हे केले, हे कळल्यावर त्यांचे चेहरे कसे झाले ते मी पाहिले आहे.

ओव्हल मैदानावरून त्याने राजाबाई मनोऱ्यावरच्या पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या मूर्ती दाखवल्या आणि त्या मुकुंद रामचंद्र या आपल्या माणसाने घडवल्या असे सांगितले. काळा घोडा चौकात, मूळ पुतळा १९६५ साली इथून हलवून भायखळ्याला नेला गेला आणि आजचा स्वाराविना घोडा २०१७ सालचा आहे, हे सांगताना नाव कसे मागे उरते हे मुलांना समजले. आणि रॅम्पार्ट रोवर त्याने शेवटचा धागा हातात दिला. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू केला, आणि १९४९ साली त्यांचे पहिले प्रदर्शन याच रस्त्यावर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. सूझा यांना चलेजाव चळवळीत भाग घेतल्याबद्दल जे. जे.तून काढून टाकले होते, हे ऐकून मुलांनी त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले.

आम्ही संग्रहालयाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. त्या तरुणाने आमच्या हातात तिकिटे दिली, आता आत तुमचे तुम्ही पाहा असे सांगितले, सर्वांचे आभार मानले आणि तो गेला. दोष त्याचा नाही. त्याला तेवढेच सांगितलेले होते. पण दोन तास ज्या धाग्याने त्याने मुलांना बांधून आणले, तो त्या पायरीवर तुटला.

आत त्या कलाशाळेत शिकलेल्या आणि शिकवलेल्या चित्रकारांची चित्रे होती. रॅम्पार्ट रोवर ज्यांची नावे ऐकली त्यांतल्या काहींची होती. बाहेर जे ऐकले त्याचे उत्तर आत भिंतीवर टांगलेले होते, आणि हे चौदा जणांपैकी फक्त मला माहीत होते, तेही मी कलाशिक्षिका म्हणून. बाकीचे तेरा जण पहिल्या दालनात गोंधळून उभे राहिले. कुठून सुरुवात करायची, कोणते चित्र आपण ऐकलेल्या गोष्टीतले, वरच्या मजल्यावर काय आहे, हे सांगणारा कागद नव्हता, दालनांचा नकाशा नव्हता, बाण नव्हता. पालकांपैकी दोघे दहा मिनिटांत बाहेर येऊन बसले. त्यांनी मला जे सांगितले ते मला लागले. बाई, हे आपल्यासाठी नसते, असे ते म्हणाले. दोन-अडीच तासांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटच्या कमानीकडे मान वर करून पाहणारी हीच माणसे होती.

माझी मुख्य तक्रार ही आहे. स्वयंदर्शन हा एक विचारपूर्वक आखलेला अनुभव असायला हवा. पाहणाऱ्याला मोकळे सोडण्याआधी त्याच्या हातात थोडी शिदोरी द्यावी लागते. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांना स्मरणचित्र काढायला एकटे बसवतो तेव्हा त्याआधी वर्षभर त्यांना बाजार, बसथांबा, नदीचा घाट नीट पाहायला शिकवलेले असते. ते न करता कागद पुढे टाकला तर त्याला परीक्षा म्हणत नाहीत.

दुसरी तक्रार पेन्सिलीची आहे आणि ती मी संग्रहालयांकडे करते. मुलांनी लहान चित्रवह्या आणि साध्या पेन्सिली आणल्या होत्या. रंग नव्हते, शाईचे पेन नव्हते, कंपास नव्हता. सामानघरात त्या वह्या ठेवून घेतल्या गेल्या. चित्रांची काळजी मला कळते; मीही मुलांना दोरीच्या आत पाऊल टाकू देत नाही. पण तळहाताएवढ्या वहीत पेन्सिलीने रेखाटन करणाऱ्या मुलापासून चित्राला कोणता धोका आहे? जगातल्या अनेक मोठ्या संग्रहालयांत पेन्सिलीला परवानगी असते. आपल्याकडे तर याचीच परंपरा आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत जे. जे.चे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती करत होते. पाहून काढणे हीच त्यांची शाळा होती. त्याच शहरात चित्रकला शिकणाऱ्या मुलाला चित्रासमोर वही उघडता येऊ नये, हे मला समजत नाही.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात दोन्ही गोष्टी आहेत, स्वयंदर्शन का हवे ते आणि आज ते कुठे अडते तेही. आठवीतला एक मुलगा एका तैलचित्रासमोर थांबला. खिडकीशी बसलेली नऊवारीतली बाई, हातात काकणे. तो जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला, पुन्हा मागे. असे चार वेळा झाल्यावर मी त्याच्यापाशी गेले. तो म्हणाला, जवळून काकणच नाही, नुसता पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आहे. मागे गेले की काच चमकते. मी वर्गात छायाप्रकाश शिकवताना हे किती वेळा सांगितले असेल. सांगून ते कोणाला कळत नाही. ते त्याला त्या दहा पावलांच्या अंतरात, कोणीही न सांगता सापडले. त्याच वेळी सुरक्षारक्षकाने त्याला हटकले. मुलगा सारखा पुढेमागे करतो म्हणजे चित्राला हात लावणार, असे त्यांना वाटले असावे. ते त्यांचे काम करत होते आणि शब्दही वावगा बोलले नाहीत, पण चला पुढे एवढे ऐकताच मुलगा लाजून दालनातून निघून गेला. चित्र पाहणारा माणूस पुढेमागे करतोच, खाली वाकतो, मान तिरकी करतो, एकाच चित्रासमोर दहा मिनिटे उभा राहतो, हे दालनात उभ्या असणाऱ्या कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात सांगता येईल. काही वर्षे रोज तिथेच उभे राहणाऱ्या या माणसांना त्या चित्रांविषयी चार गोष्टी सांगितल्या, तर प्रेक्षकांचे पहिले मार्गदर्शक तेच होतील असेही मला वाटते.

वेळेविषयी फार लिहीत नाही, कारण हिशोब सरळ आहे. सहाला संग्रहालय बंद, पावणेसहापासून वरची दालने रिकामी करायला सुरुवात. दोन तास उन्हातून चाललेल्या माणसाला पाणी पिऊन, सामान ठेवून, पायऱ्या चढून चित्रांसाठी उरली ती चाळीस मिनिटे. जाहिरातीत दोन्ही भाग सारख्याच मोठ्या अक्षरांत होते. तिकीट जोड असल्यामुळे दुसऱ्या दिवशी येऊन राहिलेले पाहण्याची सोयही नव्हती.

भाषेची गोष्ट मला अधिक दुखते. मोठ्या माहितीफलकांपैकी बहुतेक फक्त इंग्रजीत होते, मराठी होते ते चित्राचे नाव आणि साल एवढेच. भिंतीवरचा क्यूआर कोड टिपला तर निवेदन इंग्रजीत सुरू झाले, आणि जाड भिंतींच्या आत नेटची रेंज येत नव्हती ती गोष्ट वेगळीच. ज्यांच्या चित्रांसमोर आम्ही उभे होतो त्यांतले कित्येक मराठी घरांतून आलेले. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरचे. १८९० साली ते जे. जे.त शिकायला आले, पुढे तिथेच शिकवू लागले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरच्या माणसांची त्यांनी जितकी चित्रे काढली तितकी फार थोड्यांनी काढली असतील. अशा परंपरेची ओळख त्या रस्त्यांवरून रोज चालणाऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळू नये, याला मी केवळ गैरसोय म्हणू शकत नाही.

आणि बाक. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात. तिला चित्रे आवडतात, ती हळदीकुंकवाला जाते तिथेही भिंतीवरचे कॅलेंडर निरखून पाहते. तीन दालनांत मिळून तिला बसायला एकच बाक मिळाला, तोही जिन्याकडे तोंड करून ठेवलेला. तिने पुढची चित्रे पाहिलीच नाहीत.

आता मागण्या. त्या मी दोन्हीकडे वाटून लिहिते.

संयोजकांना माझी विनंती आहे की जोड कार्यक्रमाची फेरी सकाळी घ्यावी, ऊन चढायच्या आत ती संपवावी, मध्ये चहापाण्यासाठी अर्धा तास ठेवावा आणि संग्रहालय उघडल्यावर आत सोडावे, म्हणजे पाहणाऱ्याला किमान दोन तास मिळतील. फेरीची शेवटची दहा मिनिटे संग्रहालयाच्या पायरीवरच घ्यावीत आणि ती फक्त आतल्या भागासाठी राखून ठेवावीत. प्रत्येकाच्या हातात एक घडीचा मराठी कागद द्यावा. त्यावर दालनांचा साधा नकाशा, बाहेर पाहिलेल्या जागांशी नाते असलेली पाचच चित्रे आणि प्रत्येकाखाली एक प्रश्न असावा. उत्तर छापू नये. क्रॉफर्ड मार्केटच्या कमानीवरच्या माणसांचे हात आठवा आणि या चित्रातल्या माणसांचे हात काय करत आहेत ते पाहा, असा प्रश्न पुरे. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात सिनेमाची मोठमोठी फलकचित्रे रंगवली. त्यांच्या चित्रापासून पंधरा पावले मागे जा आणि काय बदलते ते सांगा, असा दुसरा. ज्यांना पाचांपलीकडे पाहायचे ते पाहतील, पण कोणीही पहिल्या दालनात गोंधळून उभा राहणार नाही. आणि मार्गदर्शकाला आणखी एक तास थांबवावे. त्याने चित्रांसमोर बोलू नये, प्रवेशाजवळ किंवा उपाहारगृहात बसावे, म्हणजे ज्याला प्रश्न पडला तो येऊन विचारील. त्या तासाचे मानधन त्याला द्यावे आणि त्यासाठी शुल्क थोडे वाढले तरी आम्ही ते देऊ. मात्र फेरीचे शुल्क किती आणि संग्रहालयाचे किती, हे जाहिरातीत वेगळे लिहावे.

संग्रहालयांकडे मागणे असे की पेन्सिल आणि लहान वही यांना दालनात परवानगी द्यावी आणि ती दाराशी मराठीत लिहून लावावी. मोठे माहितीफलक मराठीतही असावेत, ठळक अक्षरांत आणि वाकावे लागणार नाही इतक्या उंचीवर. प्रत्येक दालनात चित्रांकडे तोंड करून किमान एक बाक असावा. निवेदने मराठीत करावीत आणि ती आतल्या वायफायवर ऐकता यावीत. जोड तिकीट घेणाऱ्याला त्याच महिन्यात एकदा पुन्हा येण्याची मुभा असावी. एका दमात सगळे पाहून होत नाही हे तुमच्याइतके कोणाला माहीत असणार?

यातल्या मराठी कागदाचे काम माझ्यावर सोपवायचे असेल तर मी ते विनामूल्य करीन. माझ्यासारख्या आणखी तीन निवृत्त कलाशिक्षकांशी मी बोलले आहे आणि तेही तयार आहेत. कोणती चित्रे सध्या दालनात आहेत याची यादी मिळाली, तर पंधरा दिवसांत पहिला मसुदा तुमच्या हातात देऊ. चित्रे बदलली की कागदही बदलून देऊ.

फेऱ्यांचा पुढचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होईल. त्याआधी, गणपतीपर्यंत, संयोजक आणि संग्रहालये या दोघांचे लेखी उत्तर यावे अशी अपेक्षा आहे. त्या आठवीतल्या मुलाने मला विचारले आहे की ते काकणाचे चित्र पुन्हा कधी पाहायला जायचे, आणि या वेळी वही आत नेता येईल का. त्याला काय सांगायचे ते तुमच्या उत्तरावरून ठरवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षिका
डोंबिवली